जुन्या शहरात एक निवांत दिवस, छत्रपती संभाजीनगर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीची नाहीतर नाताळची सुट्टी जवळ आली की निरोप सुरू होतात. पाहुण्यांचे, पाहुण्यांच्या शेजाऱ्यांचे, कुणाच्या तरी मुलीच्या ऑफिसातल्या मैत्रिणींचे. "वेरूळ झालं, अजिंठा झाला, एक दिवस हातात आहे, शहरात बघण्यासारखं काय?" पुढचे प्रश्नही बहुतेक तेच असतात, म्हणून ते इथे एकत्र लिहून ठेवलेत. साधे प्रश्न आधी आहेत, अडचणीचे नंतर. एका उत्तरात जे आलं ते दुसऱ्यात पुन्हा लिहिलेलं नाही, फक्त प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. जुनं शहर म्हणजे नेमका कुठला भाग? सिडको त्यात येतं का?

नाही. सिडको, गारखेडा, उस्मानपुरा हे सगळं नंतरचं. जुनं शहर म्हणजे दरवाजांच्या आतलं: भडकल गेटपासून जुना बाजार, सिटी चौक, सराफा, शहागंज, राजाबाजार, नवाबपुरा, आणि खाली मछली खडक, गुलमंडी, रंगारगल्ली, औरंगपुरा, पैठण गेट. खाम नदीच्या पलीकडची पाणचक्की आणि बेगमपुराही आम्ही त्यातच धरतो, कारण त्यांच्याशिवाय बाकीच्या गल्ल्यांचा अर्थ लागत नाही.

मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी गावाजवळ हे शहर वसवलं. त्याच्या मुलाने त्याला फत्तेहनगर म्हटलं, पुढे औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना औरंगाबाद झालं, 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगर. रिक्षावाल्याला कुठलंही नाव सांगा, तो बरोबर नेतो.

२. यात एवढं काय आहे? दोन तासांत उरकणार नाही का?

उरकेल. पण मग येऊ नका, बीबी का मकबरा बघून निघा. या भागात तिकीट काढून आत जायचं, पाटी वाचायची आणि फोटो काढून बाहेर पडायचं अशा जागा फार थोड्या आहेत. इथली खरी कला हाताची आहे, आणि हात बघायला वेळ लागतो. मागावर बसलेला माणूस तुमच्यासाठी भराभर विणत नाही. इमरतीची कढई तापायची तेव्हाच तापते. ज्यांना यादी पुरी करायची असते ते इथून कंटाळून जातात, आणि ज्यांनी दोनच ठिकाणं ठरवून बाकीचा वेळ मोकळा ठेवला ते पुढच्या वर्षी पुन्हा येतात. अगदीच वेळ नसेल तर प्रश्न १७ बघा.

३. कुठल्या महिन्यात आणि कुठल्या वारी यावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या वर जातो आणि दगडी गल्ल्या संध्याकाळीसुद्धा तापलेल्या असतात. मुलांच्या परीक्षा संपल्यावरच यायचं असेल तर दहाच्या आत पहिला फेरा, पाचनंतर दुसरा, मधला वेळ खोलीवर.

वाराचं गणित बहुतेकांना ठाऊक नसतं. सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ बंद. जुन्या शहराचा दिवस त्या वारी टाकला की लेण्यांचा वार वाया जात नाही. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी शहागंज-सिटी चौक भागात गर्दी असते आणि बरेच कारागीर काम थांबवतात, त्यामुळे माग बघायचा असेल तर शुक्रवार टाळा किंवा सकाळीच जा. रविवारी जाफर गेटला आठवडी बाजार भरतो. तो बघायला मजा आहे, त्यातून रिक्षा काढायला नाही.

४. दिवस कसा लावायचा? सरळ सांगा.

सरळ सांगतो.

सकाळी आठ-साडेआठला पाणचक्की. तासभर तिथे बसा (बघायचं काय ते प्रश्न ६ मध्ये). तिथून महमूद दरवाजाशी या आणि वाटेत कुठेतरी चहा घेऊन भडकल गेटकडे निघा, म्हणजे तुम्ही नदी ओलांडून मूळ शहरात शिरता. भडकल गेटपासून जुना बाजारातून सिटी चौकात. चौक मशीद रस्त्याच्या कडेलाच आहे, 1665 च्या सुमाराची, शाइस्ताखानाने बांधलेली. हो, लाल महालातला तोच शाइस्ताखान. पुण्यात बोटं गमावून गेलेल्या माणसाची मशीद इथे रोजच्या वापरात आहे हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

सिटी चौकातून सराफ्याने राजाबाजार. संस्थान गणपती हे शहराचं ग्रामदैवत, गणेशोत्सवाची मोठी मिरवणूक इथूनच निघते. दर्शन घेऊन नवाबपुऱ्याच्या बाजूला उतरा आणि हिमरूचा माग बघा (हिमरू म्हणजे काय ते प्रश्न ७ मध्ये). एवढ्यात एक-दीड वाजतो. जेवा, आणि मग खरंच थोडं झोपा. दुपारी दोन ते साडेचार या गल्ल्यांत फिरण्यात काही अर्थ नाही, दुकानदारही डुलक्या काढत असतात.

पाचनंतर उलट बाजूने शिरा: पैठण गेट, रंगारगल्ली, गुलमंडी. सुपारी हनुमानाशी थांबा, मछली खडकातून कपड्यांची दुकानं बघत वर जा, वाटेत खा. आठ-साडेआठपर्यंत पाय बोलायला लागतात. तेव्हा थांबा.

५. स्वतःची गाडी आणली तर?

आणा, पण जुन्या शहरात शिरवू नका. चारचाकी पैठण गेटच्या बाजूला नाहीतर हॉटेलवरच ठेवा. गुलमंडीत संध्याकाळी गाडी घातली की पुढे हातगाडी, मागे रिक्षा, डाव्या हाताला गाय आणि उजवीकडे कुणीतरी "लेव भैया, लेव, लेव" करत तुम्हाला रिव्हर्स घ्यायला लावतो. मध्यवर्ती बसस्थानकापासून जुनं शहर जवळ आहे, स्टेशनवरून रिक्षाने फार वेळ लागत नाही. शेअर रिक्षा चालतात, त्यात चौथा प्रवासी चालकाशेजारी बसतो, बिचकू नका.

६. पाणचक्की म्हणजे एक हौद आणि बंद पडलेली गिरणी, असं ऐकलंय. खरंय का?

जाऊन उभं राहिलात तर तेवढंच दिसेल. काय चाललंय ते कळलं तर पाऊण तास पुरत नाही.

ही जागा बाबा शाह मुसाफिर या सूफींच्या दर्ग्याची. ते मध्य आशियातून, बुखाऱ्याच्या बाजूने आलेले. दर्ग्यात येणारे यात्रेकरू, विद्यार्थी, फकीर यांना रोज पीठ लागायचं. त्यासाठी अठराव्या शतकात पाण्यावर चालणारी चक्की बसवली. पाणी आणलं ते उत्तरेकडच्या डोंगरातल्या झऱ्यापासून, जमिनीखालून, मातीच्या भाजलेल्या नळांनी. पंप नाही, मोट नाही, केवळ उतार. शेवटी ते एका उंच भिंतीत चढवलं, आणि तिथून हौदात पडणाऱ्या पाण्याच्या जोरावर खालचं पातं फिरायचं, पात्याच्या दांड्यावर जातं.

आता हौदाकडे बघा. त्याच्या तळाखाली मोठा दालनवजा तळमजला आहे, म्हणजे वरच्या पाण्याचा तळ हेच खालच्या दालनाचं छप्पर. कडक उन्हात खाली गारवा मिळावा म्हणून केलेली ही सोय. वीज नसलेल्या काळातला हा विचार बघून मुंबईच्या एका आर्किटेक्ट पाहुण्या तासभर हलल्या नव्हत्या, बरोबरची मंडळी वैतागली.

चक्की हल्ली दाखवण्यापुरती चालते आणि उन्हाळ्यात पाणी कमी असतं, हेही सांगून ठेवतो. जुना वड आहे, त्याच्या सावलीत बसायला जागा आहे. खाम नदीकडे बघताना फार अपेक्षा ठेवू नका. तिची साफसफाई झाली आहे, पण ती अजून शहराची नदी आहे, कॅलेंडरवरची नाही.

नळाने पाणी आणण्याची ही विद्या शहराला आधीपासून होती. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीलाच नहर-ए-अंबरी काढून अख्ख्या वस्तीला पाणी दिलं. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस निजामशाहीचा वजीर होतो आणि शहराची पाणीयोजना आखतो, एवढी एक गोष्ट मुलांना सांगितली तरी सहल कारणी लागली. हल्ली नळाला पाणी कधी येतं हा प्रश्न मात्र यजमानाला विचारू नका.

७. हिमरू म्हणजे काय, आणि ती विणताना बघायला मिळते का?

हिमरू हे सुती ताण्यावर (उभ्या धाग्यांवर) रेशमी बाण्याने (आडव्या धाग्यांनी) नक्षी उठवलेलं कापड. किनखाब सोन्या-चांदीच्या तारांचा, दरबारी, सामान्य माणसाच्या हाताबाहेरचा. त्याचा थाट ठेवून जरा परवडेल असं कापड म्हणून हिमरू वाढली. मुहम्मद तुघलकाने चौदाव्या शतकात राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली तेव्हा विणकर इकडे आले, अशी परंपरा कारागीर सांगतात. तिचंच भावंड मशरू: वरून रेशीम, आतून सूत, म्हणजे अंगाला सूतच लागतं. पुरुषांनी रेशीम अंगाला लावू नये असा दंडक पाळणाऱ्या मुस्लिम घरांत म्हणून तिला मागणी होती.

विणताना बघायला मिळते. नवाबपुरा-जाफर गेट भागात हिमरूचे कारखाने आहेत. कारखाना म्हटलं तरी डोळ्यांसमोर धुराडं आणू नका, दोन-चार माग असलेलं घर असतं. विणकर जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसतो. पायाखाली पावडी (पायाने दाबायची पट्टी), हातात धोटा (आडवा धागा नेणारा), डोक्यावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ. पूर्वी पुठ्ठ्यांच्या जागी जाला असे आणि वर बसलेला दुसरा माणूस दोऱ्या ओढून नक्षीचे धागे उचलून देत असे. आता कानांनी बघा: पावडी दाबली की खट्, धोटा गेला की सर्र, फणी आपटली की धप्प. नक्षी जितकी दाट तितकं कापड हळू सरकतं. जवळ वाकलात तर दिसेल की विणकर फुलाकडे बघतच नाही, त्याचं लक्ष काठाच्या सरळपणावर असतं.

आधी फोन करून जा, सकाळी जा, शुक्रवारचं प्रश्न ३ मध्ये सांगितलंय. घेण्याची सक्ती नसते, पण अर्धा तास घेऊन पाणी पिऊन काहीच न घेता निघणं बरं दिसत नाही. एखादा रुमाल, छोटी पिशवी घ्या.

८. मी मकबऱ्याबाहेर हिमरूची शाल घेतली. मागच्या बाजूला धागे मोकळे लोंबतात. फसवलं का?

सगळ्यांत जास्त येणारा प्रश्न, आणि यातला गोंधळ पैठणीमुळे होतो.

पैठणीची पाठ पोटासारखी स्वच्छ असावी लागते. हिमरूचं उलट आहे. नक्षीचा जादा बाणा फुलापुरता वर येतो आणि फूल संपलं की मागून मोकळा पुढच्या फुलाकडे जातो. म्हणून हिमरूची पाठ धाग्यांनी भरलेली असायचीच, तिला त्यामुळेच ऊब असते. लोंबते धागे हा खोटेपणाचा पुरावा नाही.

मग फसवणूक कुठे? हातमागाची म्हणून यंत्रमागाची शाल विकण्यात. तिची पाठही धाग्यांची असते, म्हणून पाठ बघून भागत नाही. काठ बघा: हातमागाचा काठ किंचित कुठे आत-बाहेर होतो, यंत्राचा फुटपट्टीने आखल्यासारखा जातो. नक्षी बघा: हाताच्या कापडात एखादं फूल जरा दाबलेलं, एखादं उभं निघतं. ढिगाकडे बघा: एकाच नक्षीच्या, एकाच रंगाच्या चाळीस शाली शेजारी रचल्या असतील तर त्या हाताच्या नाहीत. आणि किंमत बघा. दोन-तीनशे रुपयांत हातमागाची रेशमी नक्षीची शाल कुणीच देऊ शकत नाही.

यंत्राची शाल वाईट असते असं नाही. प्रवासात पांघरायला उत्तम. फक्त तिचे पैसे तिच्याच दराने द्या.

९. पैठणी इथे घ्यावी की पैठणला जाऊन?

एक दिवस वेगळा असेल तर पैठण. दक्षिणेला सव्वा-दीड तासाचा रस्ता, नाथांची समाधी, गोदाकाठ आणि विणकाम एकाच फेरीत होतं. जुन्या शहराच्या दिवसात पैठण कोंबू नका.

इथल्या दुकानात घेणार असाल तर पदर उलटा करून बघा. हाताच्या पैठणीत पदरावरचा मोर, मुनिया, कमळ किंवा असावलीची वेल वेगवेगळ्या रंगांच्या कांड्यांनी, धाग्यात धागा अडकवत विणलेली असते. त्यामुळे ती मागूनही जवळपास तशीच दिसते. मागे धाग्यांचे पट्टे सुटलेले असतील किंवा ते झाकायला जाळी लावलेली असेल तर ती सेमी पैठणी, यंत्राची. साधी हातमागाची पैठणीही दहा हजारांच्या आसपास जाते, पदर भरत गेला की किंमत चढत जाते. पैठणीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, त्यामुळे दुकानदाराकडे हातमागाची खूण आणि पक्कं बिल मागायला लाजू नका. येवल्याची पैठणीही तितकीच अस्सल असते. ती कमअस्सल म्हणून पाडून बोलणारा दुकानदार भेटला तर त्याच्याकडून दुसरंही काही घेऊ नका.

१०. बिदरीचं काम इथलं की बिदरचं?

कला बिदरची, पण इथेही बिदरी काम करणारे हात आहेत. मराठवाडा आणि बिदर दोन्ही निजामाच्या राज्यात होते, कारागीर ये-जा करत. जस्त-तांब्याचं ओतीव भांडं, त्यावर कोरून ठोकलेली चांदीची तार, आणि बिदरच्या किल्ल्यातल्या मातीने आणलेला काळा रंग. लोहचुंबक चिकटला तर ते बिदरी नाही. चांदीची रेघ नखाने खरवडून निघाली तर तो रंग आहे.

११. बावन्न दरवाजे म्हणतात, ते सगळे बघता येतील का?

नाही, त्यातले थोडेच आज उभे आहेत. मोठे चार, चार दिशांचे: दिल्ली, जालना, पैठण आणि मकाई. तटबंदी 1682 च्या सुमाराची, पण भडकल दरवाजा तिच्याही आधीचा. मलिक अंबरने 1612 मध्ये मुघलांना हरवल्याची आठवण म्हणून तो उभारला. एकच दरवाजा नीट बघायचा असेल तर हा बघा. महमूद दरवाजा पाणचक्कीला लागून असल्यामुळे तसाही भेटतो.

सगळे दरवाजे एका दिवसात रिक्षाने फिरणारे हौशी लोक आहेत. त्यांच्याकडे दरवाजांचे पुष्कळ फोटो असतात.

१२. खायचं काय? आम्ही शाकाहारी आहोत, आमच्यासाठी काही आहे का?

मांसाहारी असाल तर नान-खलिया. तंदूरच्या भिंतीला थापलेला मोठा नान, वरून हळदीची पिवळी छटा, आणि सोबत मटणाचा लालभडक तर्रीदार खलिया. तुघलकाच्या लष्कराबरोबर हा पदार्थ इकडे आला असं सांगतात. खलिया वेगळा आणि सालन वेगळं, मालकासमोर गल्लत करू नका. नान भट्टीतून निघाल्या निघाल्या खायचा, पार्सल करून नेलात की त्याचं चामडं होतं.

शाकाहारी असाल तर गुलमंडी तुमचीच. इमरती गरम खा: उडदाच्या डाळीच्या पिठाची, जिलबीपेक्षा जाड, आतून मऊ. जिलबी मैद्याची म्हणून कुरकुरते, इमरती पाक धरून ठेवते. एक पुरते. कचोरी, भेळ, मलईचं दूध हे सगळं त्याच पट्ट्यात. दुपारच्या जेवणाला मात्र खानावळ शोधा, ज्वारीची भाकरी, ठेचा, येसर आमटी मिळाली तर सोडू नका. सकाळच्या न्याहरीला सुशीला मिळते का विचारा. भिजवलेल्या मुरमुऱ्यांची ही फोडणीची न्याहरी पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना पोह्यांची गरीब बहीण वाटते, दुसऱ्या घासाला मत बदलतं.

१३. मशिदी-दर्ग्यांत आम्ही जाऊ शकतो का? बायकांना चालतं का?

पाणचक्कीच्या आवारात सगळेच जातात. मजारीजवळ आणि मशिदींच्या आत कुणी कुठपर्यंत जायचं हे जागोजागी वेगळं असतं. दारातल्या माणसाला सरळ विचारा: "चाचा, अंदर आए तो चलेगा ना?" चप्पल बाहेर, डोक्यावर ओढणी किंवा रुमाल, नमाजाच्या वेळेत आत घुसायचं नाही. शहागंजची मशीद अठराव्या शतकातली, काली मशीद मलिक अंबरच्या काळातली. दोन्ही बाहेरूनही नीट बघता येतात. संस्थान गणपतीला आणि खडकेश्वराच्या महादेवाला कसलीच विचारपूस लागत नाही.

१४. आम्हाला हिंदी-उर्दू नीट येत नाही. मराठी चालेल?

बिनधास्त बोला. शहागंजमधल्या भाजीवाल्या खाला मराठी बोलतात आणि राजाबाजारातले काका दखनीत, म्हणजे इथल्या उर्दू बोलीत, घासाघीस करतात. "नक्को" आणि "हौ" एवढं आलं तरी पुष्कळ. पिढ्यान्पिढ्यांच्या शेजारातून आलेली भाषा आहे, तिला व्याकरणाने मोजू नका.

१५. कारागिरी झाली. साहित्य, चित्र, शायरी यातलं काही बघण्यासारखं?

बघण्यापेक्षा जाणून यायचं असं आहे. वली दखनी (जन्म 1667) आणि सिराज औरंगाबादी (मृत्यू 1763) या दोघांमुळे हे शहर उर्दू गझलेच्या नकाशावर आहे. शहागंजच्या बाजूला उर्दू पुस्तकांची दुकानं दिसली तर आत डोकवा, लिपी येत नसली तरी दुकानदार शेर ऐकवतोच.

पाणचक्कीपासून जवळच नागसेनवन, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1950 मध्ये सुरू केलेलं मिलिंद महाविद्यालय तिथे आहे. मराठीतल्या दलित साहित्याची एक मोठी पिढी या आवारात घडली. मराठी वाचक असाल तर सोनेरी महालाच्याही आधी इथे जावं असं माझं मत. सोनेरी महालात एकेकाळी भिंतींवर सोन्याच्या रंगाची नक्षी होती, आता वस्तुसंग्रहालय आहे.

१६. फोटो काढले तर लोक चिडतात का? आणि भाव करायचा की नाही?

विचारून काढले तर चिडत नाहीत. मागावरच्या माणसाचा चेहरा घेण्याआधी विचारा, घराच्या दारात बसलेल्या बायकांचे फोटो न विचारता कधीच नाही. नक्षीचे जवळून फोटो काढायला काही कारागीर नको म्हणतात, नक्कल होते म्हणून. तेव्हा मोबाइल खिशात.

भाव रस्त्यावर करा, मछली खडकात बेताने करा, मागावर करू नका. विणकराने सांगितलेल्या किमतीत जास्तीत जास्त दोन वस्तूंवर थोडी सूट मागता येते. शोरूममध्ये मात्र रिक्षावाल्याने नेलं असेल तर किमतीत त्याचं कमिशन धरलेलं असतं, तिथे लाजू नका.

१७. दोन बसच्या मध्ये फक्त तीन तास आहेत. काय करू?

संध्याकाळ असेल तर पैठण गेट ते गुलमंडी आणि परत, इमरती खाऊन. सकाळ असेल तर फक्त पाणचक्की, बाकी काही नको. दोन्हींच्या मध्ये मकबरा घुसवायचा मोह होतो. मकबऱ्याला एकट्यालाच दोन तास लागतात: औरंगजेबाचा मुलगा आजमशाहने आईसाठी बांधलेली ती वास्तू ताजमहालाशी तुलना न करता बघायची तर तेवढा वेळ हवाच. पूर्ण दिवस असेल तर मकबरा पाणचक्कीनंतर घ्या आणि राजाबाजार संध्याकाळवर ढकला.

१८. आजी-आजोबा आणि लहान मूल सोबत आहे. जमेल?

पाणचक्की जमेल, गुलमंडीची संध्याकाळ नाही. जुन्या शहरात फुटपाथ म्हणजे दुकानाचा पुढचा भाग, आणि रस्ता सगळ्यांचा. बाबागाडी आणू नका, मूल कडेवरच घ्यावं लागेल. ज्येष्ठांसाठी सकाळी पाणचक्की आणि रिक्षाने थेट नवाबपुरा. हिमरूच्या घरात बसायला मिळतं, आणि आजीला मागाबद्दल तुमच्यापेक्षा चांगले प्रश्न पडतात.

१९. आमची सुट्टी नेमकी रमजानमध्ये येते. यावं का?

यावं, फक्त घड्याळ उलटं करा. दिवसा खाण्याची बरीच दुकानं बंद, काही मागही लवकर थांबतात. इफ्तारनंतर सिटी चौक, शहागंज, बुढ्ढी लेन जागी होते आणि रात्री उशिरापर्यंत चालते. मग प्रश्न ४ मधला संध्याकाळचा फेरा रात्री नऊनंतर घ्या. इफ्तारच्या आधीच्या अर्ध्या तासात रिक्षा मिळत नाही, मिळाली तरी चालक घाईत असतो. त्या वेळी जिथे आहात तिथेच बसा, बहुधा कुणीतरी खजूर पुढे करतं.

गणेशोत्सवात विसर्जनाच्या दिवशी आणि नवरात्रात कर्णपुऱ्याच्या यात्रेच्या दिवसांत वाहतूक वळवलेली असते. 17 सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाची सुट्टी असते, सरकारी जागांची चौकशी आदल्या दिवशीच करा.

२०. हिमरूचं कापड आणलं, जॅकेट शिवायला दिलं तर शिंप्याने परत पाठवलं. आता?

बरोबर केलं त्याने, ज्याला सवय नाही त्याने कात्री लावू नयेच. मागचे मोकळे धागे कापले की कडा उसवत जातात आणि बांगडी-घड्याळात अडकतात. आधी कडांना ओव्हरलॉक, मग पूर्ण अस्तर, आणि शिवण नक्षीच्या मधून न जाता मोकळ्या जागेतून. बंद गळ्याचा कोट किंवा शेरवानी शिवणाऱ्या शिंप्याकडे द्या, त्यांना हे सांगावं लागत नाही. पहिली धुलाई ड्रायक्लीनच. इस्त्री उलट्या बाजूने करायची असेल तर वर पातळ सुती कापड टाका, नाहीतर इस्त्रीचं टोक धागा ओढून नेतं. एखादा धागा ओढला गेलाच तर कापू नका, सुईच्या नाकाने मागच्या बाजूला ढकला.